चार लिटर आत, चार लिटर बाहेर

चारशे लिटरच्या समुद्री टाकीत साधारण चौदा किलो मीठ विरघळलेलं असतं. दिवाणखान्यात निळसर उजेडात फिरणारे मासे बघताना हे कोणाच्या मनात येत नाही, पण त्या माशांचा जीव या चौदा किलोंवर तोललेला असतो. समुद्रातला हाडांचा मासा दिवसभर खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्याच्या रक्ताचा खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि तो तेवढाच राखायला त्याला सतत राबावं लागतं. तारामासा किंवा सी-अर्चिन यांच्याकडे तर तीही सोय नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकंच आतलं. चौदा किलोंचे एका रात्रीत बारा झाले, तर मासा कसाबसा तग धरेल, तारामाशाचं काही खरं नाही.

टाकीचं पाणी आपोआप बदलणारी यंत्रणा बसवायची, म्हणजे या चौदा किलोंची राखण दोन छोट्या पंपांकडे सोपवायची. एक पंप जुनं पाणी काढतो, दुसरा तेवढंच नवं खारं पाणी घालतो. लोक ती बसवतात बादल्या उचलायच्या थांबाव्यात म्हणून, आणि त्या थांबतातही. पण देखरेख संपत नाही, तिची जागा बदलते. हाताने पाणी बदलणारा माणूस टाकीतल्या घाणीकडे बघत असतो. यंत्राने बदलणाऱ्याला मिठाकडे बघावं लागतं, आणि मीठ तर दिसत नाही.

पाणी बदलायचंच कशाला?

घरात मत्स्यटाकी ठेवण्याची हौस युरोपात वाढली, ती पाणी बदलावं लागणार नाही या भरवशावर. १८५० साली लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. बारा गॅलन पाणी, दोन गोल्डफिश, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती प्राणवायू देते, सडलेली पानं गोगलगायी फस्त करतात, असं ते चक्र होतं. पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याने चार क्षार गोड्या पाण्यात मिसळून समुद्राचं पाणी घरीच तयार केलं आणि किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनाही समुद्र पाळता येऊ लागला.

वॉरिंग्टनचं चक्र वायूंपुरतं ठीक होतं. पण आपण टाकीत रोज खाणं टाकतो. त्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर येतो. दगडांवर आणि वाळूत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया जहर आहे, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण बहुतेक टाक्यांमध्ये साखळी इथेच अडते आणि नायट्रेट साचत जातं. त्याच्या जोडीला फॉस्फेटही चढतं आणि शेवाळाला मेजवानी मिळते.

दुसरीकडे काही गोष्टी कमी होत जातात. काचेवर चढणारं गुलाबी चुनखडी शेवाळ, गोगलगायींचे शंख, नळीत राहणारे किडे हे सगळे पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतात. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांमधून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. खुल्या समुद्राचं पाणी कुठलंही घ्या, खारटपणा कमीजास्त असेल, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. म्हणून समुद्रात एक क्षारता मोजली की बाकीच्यांचा अंदाज गणिताने बांधता येतो. टाकीत ही सोय हळूहळू निकामी होत जाते. क्षारता अगदी बरोबर ३५, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, दिसते आणि आत प्रमाण बिघडलेलं असतं. पाणी बदलल्याने साचलेलं थोडं बाहेर जातं आणि संपलेलं थोडं परत येतं. दोन्ही कामं एका झटक्यात करणारा दुसरा उपाय नाही.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या जिवंत प्रवाळांनी भरलेल्या टाक्या पाहून मोह होतो. पण आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच यादीत आल्या. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या घरातली समुद्री टाकी मुख्यतः माशांची असते, कृत्रिम दगडांवर रचलेली. क्लाउनफिशसारखे काही मासे आता पैदास केंद्रांत वाढवलेले मिळतात, ते घ्यावेत. माशांच्या टाकीत खाणं जास्त पडतं, म्हणजे नायट्रेटही जास्त. पाणी बदलण्याची गरज तिथे कमी नसते.

एकदम, की थोडं थोडं?

रूढ पद्धत अशी: महिन्यातून एकदा किंवा दर रविवारी थोडं थोडं करून महिन्याला तीस टक्के पाणी बदलायचं. चारशे लिटरच्या टाकीला म्हणजे एकशे वीस लिटर. यंत्र तेच काम रोज चार लिटर, म्हणजे एक टक्का या दराने करतं. एकूण पाणी तेवढंच लागतं, पण परिणाम अगदी तेवढाच होत नाही.

सरबताच्या पातेल्यातून पेलाभर सरबत काढून पेलाभर साधं पाणी घालत गेलो, तर दुसऱ्या पेल्याबरोबर पहिल्या पेल्यातलं थोडं पाणीही बाहेर येतं. टाकीचंही तसंच. रोज एक टक्का याप्रमाणे तीस दिवस बदललं, तर जुन्या पाण्याचा २६ टक्के भाग बाहेर गेलेला असतो, तीस नाही. उरलेले चार टक्के म्हणजे नव्या पाण्यातलं परत बाहेर गेलेलं पाणी. नुकसान एवढंच. मिठाच्या पिशवीच्या किमतीत ते कोणाला जाणवणार नाही.

खरा धक्का नायट्रेटच्या हिशेबात बसतो. समजा टाकीत रोज लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. रोज एक टक्का पाणी बदलणारी टाकी कितीवर स्थिरावेल? जितकं वाढतं तितकंच बाहेर जायला लागेल, तेव्हा. एक टक्क्यातून अर्धा मिलिग्रॅम बाहेर जायचं, तर टाकीत लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम असावं लागतं. महिन्यातून एकदा तीस टक्के बदलणाऱ्याची टाकीही पन्नासपर्यंतच चढते आणि बदलल्यावर पस्तीसवर उतरते. म्हणजे कुठल्याही पद्धतीने बदला, नायट्रेटच्या बाबतीत पाणीबदल हा दुबळा उपाय आहे. दहावर आणायचं असेल तर रोज वीस लिटर बदलावे लागतील. त्यापेक्षा खाणं कमी करावं, फेसातून घाण काढणारा प्रोटीन स्किमर चांगला चालतो का ते बघावं, वेगळ्या कप्प्यात समुद्री शेवाळ वाढवून ते वरचेवर कापावं.

मग यंत्र बसवून काय मिळतं? स्थैर्य. तीस टक्के पाणी एकदम बदललं की तापमान, क्षारता आणि कार्बोनेट यांना एकाच वेळी हिसका बसतो. तासाला १६७ मिलिलिटर पाणी बदललं, तर टाकीला पत्ताही लागत नाही. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते बदललं जातंच. हाताने बदलणाऱ्याचा एखादा रविवार पाहुण्यांमध्ये जातो, एखादा कंटाळ्यात. यंत्राला पाहुणे नसतात.

नळी पिळणारे पंप

या कामाला साधा पाण्याचा पंप चालत नाही, कारण तो समोर अडथळा आला की कमी पाणी देतो आणि वाट मोकळी असली की जास्त. इथे लागतो पेरिस्टाल्टिक पंप, ज्याला टाकीवाले डोसिंग पंप म्हणतात. डायलिसिसच्या यंत्रावर रक्ताची नळी एका गोल चाकाभोवती वळवलेली पाहिली असेल, तो याच जातीचा पंप. मऊ नळी अर्धवर्तुळात बसवलेली असते, चाकावरचे रोलर ती दाबत पुढे सरकतात आणि दोन रोलरांमध्ये अडकलेला पाण्याचा घोट पुढे ढकलला जातो. पाणी फक्त नळीच्या आतून जातं, त्यामुळे खाऱ्या पाण्याने गंजायला लोखंड मध्ये येत नाही. पंप बंद असला तरी एखादा रोलर नळी दाबून धरतोच, म्हणून पाणी आपोआप मागे-पुढे ओघळत नाही. शिवाय एका फेरीला ठरावीक पाणी, हा त्याचा मोठा गुण.

पण ‘ठरावीक’ हा शब्द नव्या नळीपुरता. रोलरखाली रोज दबून नळी चपटी होत जाते, तिची परत गोल होण्याची ताकद कमी होते आणि प्रत्येक घोट लहान होतो. जुनं पाणी ओढणाऱ्या नळीत आतून बुळबुळीत थर बसतो, नवं पाणी घालणारी स्वच्छ राहते. एका पंपाला पाणी चार फूट चढवावं लागतं, दुसऱ्याला एक फूट. अशी दोघांची वयं वेगवेगळ्या वेगाने वाढतात. पहिल्या दिवशी सारखे असलेले पंप सहा महिन्यांनी सारखे राहतीलच असं नाही.

म्हणून एकाच मोटरवर दोन हेड असलेला पंप घेणं केव्हाही चांगलं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्याने फेऱ्या तरी नेमक्या सारख्या होतात. फरक उरला तर तो नळ्यांचाच. दर काही महिन्यांनी आतली आणि बाहेरची नळी एकमेकींच्या जागी बसवली, की ज्या बाजूला चूक साचत होती तिच्या उलट बाजूला ती जायला लागते. वर्षभरात दोन्ही नळ्या जोडीनेच बदलाव्यात, एकच बदलू नये.

बसवण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. दोन सारख्या बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरायच्या. एका हेडने पहिल्या बादलीतलं पाणी दुसरीत टाकायचं, दुसऱ्याने दुसरीतलं पहिलीत. नळ्यांची लांबी आणि चढ शक्यतो प्रत्यक्षात असेल तेवढाच ठेवायचा. बादल्यांवर पातळीच्या रेघा मारून पंप तीन तास चालवायचा. मिनिटाला शंभर मिलिलिटर देणारे पंप एवढ्या वेळात अठरा-अठरा लिटर पाणी हलवतात. त्यांत पाच टक्क्यांचा फरक असेल तर एका बादलीत जवळजवळ लिटरभर पाणी जास्त दिसेल. मापात जी चूक कळत नाही, ती बादलीत ढळढळीत दिसते.

लपून राहणारी चूक

पाच टक्क्यांनी असं काय मोठं बिघडतं, असं वाटेल. ते कळायला टाकीवरचं दुसरं यंत्र ध्यानात घ्यावं लागतं. समुद्री टाकीतून रोज काही लिटर पाणी वाफ होऊन जातं. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून ती तूट गोड्या पाण्याने भरतात. बहुतेक घरांत हे कामही आपोआप होतं. टाकीखालच्या कपाटात संप, म्हणजे दुसरी छोटी टाकी असते. तिच्या पातळीवर एक सेन्सर नजर ठेवतो आणि पाणी खाली गेलं की गोडं पाणी सोडतो. याला एटीओ म्हणतात.

आता बाहेर काढणारा पंप रोज ४.२ लिटर काढतो आणि आत घालणारा ४ लिटरच घालतो, असं धरा. संपाची पातळी किंचित उतरते. एटीओला वाटतं, वाफ झाली. तो २०० मिलिलिटर गोडं पाणी जास्त सोडतो. पातळी जागच्या जागी, सगळं ठीकठाक. मात्र रोज सात ग्रॅम मीठ टाकीतून नाहीसं होत असतं. महिन्याभरात क्षारता ३५ वरून साधारण ३४.५ वर येते. तीन महिन्यांनी ३४ च्या जवळ. ही घसरण कायम चालू राहत नाही, ती ३३.३ च्या आसपास थांबते, कारण कमी खारट पाण्याबरोबर मीठही कमी जातं. फरक वीस टक्के असेल तर मात्र थांबण्याची जागा २९ च्या आसपास येते. उलट बाजूनेही हेच होतं. आत जाणारं पाणी पाच टक्के जास्त असेल तर वाफेची काही तूट खाऱ्या पाण्याने भरली जाते आणि क्षारता हळूहळू पावणेसदतीसकडे चढते.

एटीओ नसता तर पातळी उघडपणे हलली असती आणि पहिल्याच आठवड्यात संशय आला असता. एक यंत्र दुसऱ्याची चूक निमूटपणे झाकतं, आणि दोन्ही आपापलं काम चोख करत असतात. म्हणून स्वयंचलित पाणीबदल चालू केल्यावर पहिले दोन महिने दर आठवड्याला क्षारता मोजायची आणि वहीत लिहायची. एका मोजणीतून काही कळत नाही, सलग आठ आकडे कुठल्या दिशेला सरकताहेत त्यावरून कळतं.

पाणी थोडं थोडं बदलण्याचा फायदा इथेही आहे. संपाचा तळ साठ बाय चाळीस सेंटिमीटरचा असेल, तर तासाला काढलेल्या १६७ मिलिलिटरने पातळी एक मिलिमीटरही हलत नाही. एटीओला जाग येत नाही. तेच चार लिटर एकदम काढले, तर पातळी दीड सेंटिमीटरहून जास्त उतरते आणि नवं खारं पाणी यायच्या आत एटीओ गोडं पाणी ओतून मोकळा होतो. ज्यांना दिवसातून एकदाच बदलायचंय, त्यांनी त्या वेळेपुरता एटीओ बंद राहील अशी टायमरची व्यवस्था करावी.

वीज गेली की

काही जण दुसरा पंप टाळण्यासाठी संपाला ठरावीक उंचीवर भोक पाडून पाइप बसवतात. नवं पाणी हळूहळू घातलं की जास्तीचं त्या पाइपातून बाथरूमकडे निघून जातं. कागदावर ही सगळ्यात सुटसुटीत रचना आहे. आत जितकं जाईल तितकं बाहेर येणारच, नळ्यांच्या वयाचा प्रश्नच नाही.

पण आपल्याकडे वीज जाते. पाणी वर चढवणारा पंप थांबला की वरच्या टाकीतलं काठाजवळचं आणि पाइपातलं पाणी खाली संपात उतरतं. चारशे लिटरच्या टाकीत ते पंधरा लिटर सहज असतं. भोक नसलेल्या संपात ते मुकाट्याने थांबतं आणि वीज आली की परत वर जातं. भोक असलेल्या संपातून ते गटारात जातं. वीज येते, पंप सुरू होतो, संप रिकामा दिसतो आणि एटीओ पंधरा लिटर गोडं पाणी भरतो. सव्वापाचशे ग्रॅम मीठ गेलं, क्षारता ३५ वरून पावणेचौतीसच्या खाली. एका संध्याकाळी वीज तीनदा गेली-आली तर काय होईल, याचा हिशेब करून बघा. जिथे वीज वरचेवर जाते तिथे ही रचना करू नये. करायचीच असेल तर भोकाची उंची वीज गेल्यावर चढणाऱ्या पातळीच्याही वर हवी, आणि मग तिचा पाणीबदलाला उपयोग उरत नाही.

दोन हेडच्या पंपातही धोके असतात. त्यांवरचा उपाय सेन्सर वाढवणं हा नव्हे, कारण सेन्सरवर गोगलगाय बसते, मिठाचा पापुद्रा धरतो. यंत्र पूर्ण बिघडलं तरी नुकसान मर्यादित राहील, अशी मांडणी आधीच करावी. पाणी ओढणाऱ्या नळीचं तोंड संपाच्या तळाशी न ठेवता पातळीच्या जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवावं. पंप चालूच राहिला तरी तेवढं पाणी गेल्यावर हवा ओढत बसेल. गोड्या पाण्याचा डबा अवाढव्य नको. तो अख्खा टाकीत रिकामा झाला तरी क्षारता फार उतरणार नाही, एवढाच हवा. साठवून ठेवलेलं सगळं नवं खारं पाणी संपात सांडलं तरी मावेल, अशी जागा सुटली तर उत्तमच. गटारात सोडलेल्या नळीचं तोंड पाण्यात बुडू देऊ नये.

संपात जुनं पाणी ओढायची जागा आणि नवं सोडायची जागा वेगळी हवी. वरून पाणी पडतं त्या कप्प्यातून ओढावं आणि वर चढवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात सोडावं. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या तर नवंच पाणी लगेच बाहेर जातं.

ड्रमची काळजी

नवं खारं पाणी एका ड्रममध्ये तयार करून ठेवलेलं असतं, आणि यंत्रणा चालू झाली की टाकी हळूहळू या ड्रमसारखी होत जाते. ड्रममधलं पाणी ३३ चं असेल तर काही महिन्यांत टाकीही तिकडेच झुकणार. म्हणून टाकीपेक्षा ड्रमच्या मोजणीला जास्त महत्त्व आहे.

सुरुवात गोड्या पाण्यापासून. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षारांचा भरवसा नसतो, म्हणून आरओ लागतो. पण स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. तो बंद करावा लागतो आणि पुढे उरलेले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्यावर आणावा लागतो. महिन्याला एकशे वीस लिटर पाणीबदलाला आणि तेवढंच-थोडं कमी वाफेच्या भरपाईला धरलं, तर आरओ याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर टाकतो. ते साठवून लादी पुसायला, संडासात वापरावं. पाणीकपातीच्या दिवसांत घरच्यांची बोलणी वाचतात.

शंभर लिटर पाण्यात साधारण पावणेचार किलो समुद्री मीठ लागतं, पण हा आकडा पावसाळ्यात फसवतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडी राहिलेली मिठाची बादली ओल धरते, ढेकळं होतात, आणि वजनात मिठाबरोबर पाणीही मोजलं जातं. वजनावर विसंबू नये, दर वेळी क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघावं, आणि तो ३५ क्षारतेच्या तयार द्रावणावर लावून घ्यावा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला बरोबर असेलच असं नाही. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसून पाणी दुधाळ होतं. ड्रममध्ये छोटा पंप फिरता ठेवावा आणि रात्रभराने परत मोजावं. झाकण घट्ट हवं, कारण उघड्या ड्रममधलंही पाणी उडतं आणि तो दिवसेंदिवस जास्त खारट होत जातो. काही मिठांचं पाणी जास्त दिवस ठेवलं की ड्रमच्या भिंतींवर पांढरी खर धरते. ती दिसली की समजावं, कॅल्शियम आणि कार्बोनेट टाकीत जाण्याआधीच संपायला लागलेत. दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच पाणी करावं.

घरात जागा असेल तर एकाच आकाराचे दोन ड्रम ठेवावेत, एक नव्या पाण्याचा, एक टाकलेल्या पाण्याचा. दोन्हींवर बाहेरून सेंटिमीटरची पट्टी चिकटवायची. एकात पाणी वीस सेंटिमीटर उतरलं आणि दुसऱ्यात वीसच चढलं, तर पंप बरोबर चालताहेत. वीस आणि एकवीस दिसलं, तर पाच टक्क्यांची चूक रिफ्रॅक्टोमीटरवर दिसायच्या कितीतरी आधी सापडली.

टाकलेलं पाणी मोरीतूनच जाऊ द्यावं. झाडांना घातलं तर झाडं मरतात. ते खाडीत किंवा समुद्रात ओतणं तर त्याहून वाईट, कारण पाण्याबरोबर टाकीतले जीवही जातात. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या शोभेच्या शेवाळाचा पहिला तुकडा आढळला आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या तळावर दूरवर पसरलं. टाकीतला जीव समुद्रात सोडून देणं ही दया नाही.

हाताला उरतं ते काम

यंत्र पाणी बदलतं, वाळू धुवत नाही. नळी लावून वाळूतली घाण ओढून काढायचं काम रविवारच्या बादलीबरोबर सहज व्हायचं. ते आता मुद्दाम करावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा हाताने दहा-पंधरा टक्के पाणी काढावं, त्याच निमित्ताने कोपऱ्यांतला गाळही निघतो. एखादा मासा दगडामागे मरून सडला किंवा घरात कीटकनाशक फवारलं, तर रोजच्या चार लिटरचा काही उपयोग नाही. तेव्हा एका दिवसात बरंच पाणी बदलावं लागतं आणि ड्रममध्ये तयार पाणी असलं तरच ते बदलता येतं. ड्रम पूर्ण रिकामा होऊ देऊ नये, तो याचसाठी.

खाऱ्या पाण्याजवळ प्लग आले की तिथे मिठाचे फुलोरे येतात. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ झोळातून टपकेल, प्लगात जाणार नाही. या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवावा, पंपाचं मग बघता येईल.

शंभर लिटरच्या आतल्या टाकीला हा सगळा खटाटोप नको. दोन बादल्या आणि रविवारची वीस मिनिटं पुरतात, आणि त्या वीस मिनिटांत टाकीकडे नीट बघणंही होतं. मोठी टाकी असेल, पाठ दुखत असेल, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या असतील, तर यंत्रणा जरूर बसवावी.

ती घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गावी जायचे दिवस असतात. गणपतीला दहा दिवस घर बंद, मग पाणी कोण बदलणार? प्रत्यक्षात त्या दहा दिवसांत एटीओ चालू ठेवावा आणि पाणीबदल बंद करावा. निरोगी टाकीला दहा दिवस पाणी न बदलल्याने काहीही होत नाही. फाटलेली नळी किंवा अडकलेला पंप बघायला घरात कोणी नसेल, तर मात्र एका रात्रीत होतं. हे यंत्र घरात माणूस असताना चालवायचं आहे.